पाझारेबाईंनी बिघडवलेला सिनेमा

त्या सिनेमाबद्दल पेपरात जे छापून आलं ते सगळं खरं आहे. चित्रीकरण स्वच्छ आहे, कोर्ट खरं वाटतं, नटनट्यांनी मन लावून कामं केली आहेत, आणि तरीही मध्यंतरानंतर माणूस घड्याळ बघायला लागतो. एकाने तर विचारलं होतं, की कोर्टावरचा सिनेमा इतका बिनचूक करण्याची खरंच गरज होती का?

गरज होती. ती कुणाची होती तेही मला ठाऊक आहे. कुसुम पाझारे, गडचिरोलीच्या कोर्टातल्या आमच्या पाझारेबाई. त्यांना जाऊन आता वर्ष होईल, तेव्हा सांगून टाकायला हरकत नाही. तो सिनेमा त्यांनी बिघडवला, आणि मी त्यात त्यांचा साथीदार होतो.

बाई कोर्टात साक्षी टाइप करायच्या. ज्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो, की साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून आपल्या बोलीत बोलतो, न्यायाधीश त्याचं बोलणं नीट वाक्यात बसवून सांगतात आणि बाजूला बसलेला माणूस ते टाइप करतो. शेवटी साक्षीदाराला ते वाचून दाखवतात, तो मान हलवतो आणि सही किंवा अंगठा करतो. बहुतेक टाइप करणारे साहेबांच्या तोंडाकडे बघतात. बाई साक्षीदाराच्या तोंडाकडे बघायच्या. सगळा घोळ तिथूनच सुरू व्हायचा.

बुटक्या, काटकुळ्या, डोळ्यांवर चेहऱ्यापेक्षा मोठा चष्मा. शिकल्या होत्या टाइपरायटरवर. पुढे कॉम्प्युटर आला, पण बोटांना त्याची कुणी वर्दी दिली नव्हती. त्या असा ठोका मारायच्या की कीबोर्ड वर्षभरात मान टाकायचा. नवीन कीबोर्ड देताना कोर्टाचं सामानसुमान सांभाळणारा नाझर कुरकुरायचा, "बाई, जरा हळू मारत जा." त्यावर बाई म्हणायच्या, "मी कुठी मारतो जी? साक्षीदार मारते. मी फक्त लिहितो."

आमच्या भागात बायकाही ‘मी येतो, मी जातो’च म्हणतात. पुण्याहून बदलून आलेल्या एका साहेबांना पहिल्या आठवड्यात ते फार टोचलं. "पाझारेबाई, ‘येतो’ काय? ‘येते’ म्हणा." बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "साहेब, ‘येते’ म्हणलं का मले वाटते दुसरीच कोणी येऊन राह्यली." साहेबांनी पुन्हा विषय काढला नाही. तीन वर्षांनी त्यांची बदली झाली, तेव्हा निरोपाच्या भाषणात शेवटी आमच्याच बोलीत म्हणून गेले, "बरं हाये, येतो."

बाईंचं बोलणं ऐकण्यापेक्षा त्यांचं थांबणं ऐकण्यासारखं असे. दिवसभर त्या खडखडाटाची आम्हाला इतकी सवय झालेली असायची, की तो थांबला की डुलकी घेणारा शिपाईसुद्धा दचकून जागा व्हायचा. साक्षीदार एक बोलला आणि कागदावर दुसरंच चाललंय असं वाटलं की बाई हात उचलून मांडीवर ठेवत. बोलत काही नसत. साहेब विचारीत, "काय झालं?" मग खाली बघत, अगदी हळू, "तो असं नाई म्हणला जी."

काही साहेबांना याचा राग यायचा, काहींना सवय व्हायची. आम्हा वकिलांना मात्र धाकच वाटायचा. कारण कोण केव्हा काय म्हणालं हे बाईंच्या डोक्यात शब्दाला शब्द असे. चहाच्या टपरीवर कुणी "मी असं म्हटलंच नव्हतं" म्हणालं, की आम्ही आधी बाई जवळपास नाहीत ना ते बघून घ्यायचो.

ही खोड घरीही होती. त्यांच्या पुतणीला बघायला चंद्रपूरला पाहुणे आले होते. पुतणी नर्स, मुलगा शिक्षक, सगळं जमत आलेलं. मुलाचा मामा चहा घेता घेता म्हणाला, "आमचं तसं काई मागणं नाई जी." घरचे सगळे खूश. बाईंनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "भाऊ, ‘तसं’ नाई, मंग कसं हाये?" मामा गडबडला. पाच मिनिटांनी मोटरसायकल बाहेर निघाली, दहा मिनिटांनी नागपूरचा प्लॉट. चहा संपायच्या आत सोयरीक मोडली. ती पुतणी मला एकदा हसत हसत म्हणाली, "दोन अक्षरांवरून सुटली मी."

मी एकदा बाईंना विचारलं होतं, ही सवय कुठून लागली? कँटीनमध्ये भाकर आणि चिवळीची भाजी खात होत्या. म्हणाल्या, वडील माजरीला खाणीत मजूर होते. एका ठेकेदाराच्या चौकशीत त्यांचा जबाब घेतला आणि अंगठा लावून घेतला. पुढे कुणीतरी वाचून दाखवलं तर त्यात जे होतं ते वडील बोललेच नव्हते. "मंग मले म्हणे, कुसुम, तू लिहिणारी हो." एवढं सांगून त्यांनी डबा झाकला आणि हसल्या. "बापाले मरेपर्यंत वाटे, टायपिस्ट म्हंजे जजच्या वरची पोस्ट हाये."

आता दसरूची केस सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

धानोऱ्याच्या बाजूला, जंगलातल्या एका गावाजवळ बांबूचा डेपो जळाला. कुणी जाळला ते आजपर्यंत कळलेलं नाही. पकडला दसरूला. विशीतला, नवं लग्न झालेला, गोंड शेतकऱ्याचा मुलगा. त्याचा वकील मी. पोलिसांच्या कागदात प्रत्यक्ष पाहिलेली साक्षीदार एकच होती, त्याच गावची मंगरीबाई. ती त्या वेळी सरपण घेऊन डेपोवरून येत होती.

मंगरीबाई पिंजऱ्यात आली. अर्धं गोंडी, अर्धं मराठी बोलायची. सरकारी वकिलांनी विचारलं, "आगीजवळून पळताना कोण दिसला?"

मंगरी म्हणाली, "माणूस दिसला. दसरू असन."

साहेबांनी सांगितलं, "लिहा. आगीजवळून पळताना मी आरोपी दसरूला पाहिले."

मी त्या वेळी काय करत होतो? बरीच वर्षं लपवलेली गोष्ट आहे, पण सांगतो. मी फाइलमध्ये मान घालून एक पंचनामा शोधत होतो. मी ऐकलंच नाही. मला ऐकू आली ती शांतता. वर बघतो तो बाईंचे हात मांडीवर.

"काय झालं?" साहेब.

"साहेब, ती ‘असन’ म्हणली. ‘पाह्यलं’ नाई म्हणली."

साहेब वैतागले. यादीत अजून सहा साक्षीदार होते. "एकच ते, बाई."

"एक नाई जी." बाई अजून खालीच बघत होत्या. "पोरगा शाळेतून आला का नाई कोणी विचारलं, अन् मी ‘आला असन’ म्हणलो, तं मी त्याले पाह्यलेलं नसते साहेब."

पंखा खडखडत होता. साहेबांनी मंगरीला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, धूर होता, पाठ दिसली, दसरूच त्या वाटेने जातो म्हणून दसरू असन. साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "लिहा. आगीजवळून एक माणूस पळताना दिसला. त्याचा चेहरा दिसला नाही. तो दसरू असेल असे मला वाटले." खडखडाट पुन्हा सुरू झाला. पुढच्या साक्षीदाराचा पुकारा झाला. बस्स, एवढंच. कुणी उठलं नाही, कुणी रडलं नाही.

पुढच्या वर्षी दसरू निर्दोष सुटला. निकालपत्रात त्या ‘असेल’वर एक परिच्छेद होता. दसरूचा भाऊ मला मधाची बाटली घेऊन भेटायला आला, आणि त्यानंतर दर उन्हाळ्यात त्यांच्या घरून चारोळी येत राहिली. "वकीलसाहेबानं सोडवलं." मी एकदा म्हणालो, की अरे माझ्यामुळे नाही, मंगरीबाईच्या शब्दामुळे सुटला तो. तर भाऊ हात जोडून म्हणाला, "तुम्ही मोठ्या मनाचे हा साहेब." मोठं मन ही फार सोयीची वस्तू आहे. मी ते तसंच राहू दिलं.

यथावकाश बाई निवृत्त होऊन चंद्रपूरला तुकूम भागात राहायला आल्या. मीही चंद्रपूरला आलो. आणि एक दिवस मुंबईहून केतकी नावाची दिग्दर्शिका कोर्टावरचा सिनेमा करायला चंद्रपुरात आली. तिशी-पस्तिशीची, शांत, ओठांवर सतत "सॉरी, पण" असणारी मुलगी. गावात रिकामी पडलेली एक जुनी कचेरी तिने कोर्टासारखी सजवली. कायद्याचं बघायला मला बोलावलं. न्यायाधीशांच्या बाजूला टाइप करताना दिसेल अशी एक बाई हवी होती, बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं. मी म्हणालो, "आहेत एक."

हे वाक्य त्या सिनेमाला फार महागात पडलं.

पहिल्याच दिवशी बाईंनी न्यायाधीशांच्या टेबलावरचा लाकडी हातोडा उचलून बघितला. "हा कायले?"

"न्यायाधीश आपटतात ना, ऑर्डर ऑर्डर म्हणून," केतकी म्हणाली.

"माह्या अख्ख्या नोकरीत एका साहेबाले मी टेबलावर आपटताना पाह्यलं. फाइल आपटली होती. माशी बसली होती जी."

हातोडा गेला. दुसऱ्या दिवशी पोथीवर हात ठेवून घ्यायची शपथ गेली. तिसऱ्या दिवशी शेवटच्या क्षणी दार ढकलून "थांबा!" म्हणत आत येणारा साक्षीदार. बाई म्हणाल्या, "याचं नाव यादीत हाये का? पुकारा झाला का? मंग बाहेर बसवा त्याले." तो नट एवढ्या एका प्रवेशासाठी मुंबईहून आला होता. दोन दिवस तो खरंच बाहेर बाकावर बसून राहिला. सिनेमात तो आहे, आवारात केळं खाताना दिसतो.

बाईंना बोटं नुसती हलवायला सांगितली होती. पण बोटं नुसती हलवणं त्यांना येत नव्हतं. कॅमेऱ्यासमोर जे बोललं गेलं ते सगळं त्या खरोखर टाइप करत होत्या. आठवड्याने केतकीसमोर कागदांचा गठ्ठा ठेवून म्हणाल्या, "हा तुमचा फॉरेस्टगार्ड सोमवारी म्हणला कुऱ्हाड डाव्या हातात होती. आज उजव्या म्हणते. फितूर झाला का जी?" केतकीने गठ्ठा उघडला, वाचला आणि त्या दिवसापासून सल्लागार म्हणून माझी जी काय किंमत होती ती संपली. प्रत्येक शॉटनंतर ती माझ्याकडे न बघता बाईंकडे बघायची.

सगळ्यात मोठा घास नायकाच्या भाषणाचा. टीव्हीवरचा नावाजलेला नट, वकिलाच्या कोटात फार शोभायचा. सात मिनिटांचं भाषण, डोळ्यांत पाणी, शेवटी आवाज फुटलेला. शॉट संपला तसे लाइटवालेसुद्धा टाळ्या वाजवू लागले. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की बाईंचे हात मांडीवर आहेत.

"बाई, तुम्ही टाइप का करत नव्हता?" केतकीने विचारलं.

"त्यांनी साक्षीदाराले काई विचारलंच नाई जी," बाई खरोखर अपराधी चेहऱ्याने म्हणाल्या. "मी वाट पाहून राह्यलो होतो."

भाषण दीड मिनिटावर आलं. नायक त्या दिवशी जेवला नाही.

याच दिवसांत चहा पिता पिता मी केतकीला दसरूची केस सांगितली. ती ऐकता ऐकता उभीच राहिली. भाषण गेल्यामुळे तिच्या सिनेमातल्या खटल्याला शेवट उरला नव्हता, तो मी तिच्या हातात दिला होता. दोन दिवसांनी तिने लिहून आणलं. त्यात टाइप करणारी बाई ताडकन उठते. "थांबा साहेब!" खुर्ची मागे पडते. कोर्टात कुजबुज. आरोपीची बायको हंबरडा फोडते. खिडकीबाहेर वीज चमकते.

बाईंनी पानं शेवटपर्यंत वाचली. एका ठिकाणी वेलांटी दुरुस्त केली. "छान लिहिलं हाये पोरी. कोणाचं हाये हे?"

"तुमचंच आहे बाई."

"माहं नाई." पानं नीट जुळवून परत दिली. "तुह्या सिनेमात टाक, मी कोण नाई म्हणणारी. पण माहं म्हणून नोको सांगू."

विषय तिथेच राहिला असता. पण मग बाहेरचं चित्रण करायला सगळे धानोऱ्याकडे निघाले, आणि केतकीला नेमकं दसरूचंच गाव बघायचं होतं. मी आणि बाई सोबत होतो.

माझं स्वागत जंगी झालं. खाट, चहा, दसरूची दोन पोरं पाया पडायला. बाईंना कुणी ओळखलं नाही. त्या हातपाय धुवायला हातपंपावर गेल्या. तिथे बायकांची रांग होती. एक म्हातारी पाणी भरायला आली तशी रांगेतल्या बायका आपापली भांडी उचलून बाजूला झाल्या, आणि ती भरून जाईपर्यंत कुणी जवळ गेलं नाही. बाईंनी तिला ओळखलं. चेहरे नाही, पण आवाज त्या विसरत नसत, आणि म्हातारी पोराला काहीतरी ओरडली होती. मंगरीबाई.

तासाभराने बाई परत आल्या तेव्हा सगळं विचारून आल्या होत्या. मंगरीने कोर्टात दसरूचं नाव घेतलं, हे गावाने धरून ठेवलं होतं. आरोपीच्या पिंजऱ्यातून स्वतः दसरूने आपलं नाव ऐकलं होतं. पुढचं मराठी त्याला तेव्हा कुठलं कळायला? वकिलाने सोडवलं, मंगरीने अडकवलं होतं. दसरूची बायको सोमारी तेव्हापासून तिच्याशी बोलत नव्हती. आणि सोमारी बोलत नाही म्हटल्यावर तिच्या बाजूच्या बायकाही नाही. लग्नात बोलावणं नाही, मोहफुलं वेचायला सोबत नाही.

गाडीत बसल्यावर बाईंनी हे सगळं मला सांगितलं. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगतलं नाई यांना?"

"सांगितलं होतं बाई. एकदा."

"एकदाच?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो. सागाची झाडं अशा वेळी फार बघण्यासारखी असतात.

पुढच्या रविवारी बाईंनी माझ्याकडून साक्षीची नक्कल घेतली, बसने एकट्या गावात गेल्या आणि दसरूच्या अंगणात ती वाचून दाखवली. सोमारीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कागदात का, काईबी असते." बाई परत येऊन मला हे सांगताना चिडल्या नव्हत्या. "खरं बोलली ती," म्हणाल्या. "कागदानं त्या लोकाईचं कधी भलं केलं?"

आणि मग त्या केतकीकडे गेल्या.

"टाक ते तुह्या सिनेमात. मी बसतो तिथी. पण झालं तसंच टाकाचं. मी उठलो नाई, कोणी रडलं नाई, वीज नाई. मंगरी जे बोलली ते, साहेब जे बोलले ते. एक शब्द इकडचा तिकडे झाला का ती म्हातारी पुन्हा खोटी पडन."

केतकी म्हणाली, "बाई, सॉरी, पण हा खटल्याचा शेवट आहे. असा केला तर लोकांना कळणारसुद्धा नाही की काही झालं."

"त्या दिवशी कोर्टातबी नाई कळलं कोणाले," बाई म्हणाल्या. "वकीलसाहेबालेबी नाई."

केतकीने माझ्याकडे बघितलं. मी चहा आणायला गेलो.

केतकीने एक दिवस विचार केला. या पोरीबद्दल मला आजही आदर आहे. पैसे लावणाऱ्यांचे फोन येत होते, नायक रुसलेला होता, आणि तिने मंगरीची परवानगी घेऊन नावसुद्धा तेच ठेवलं आणि जसं झालं तसं चित्रित केलं. आवाज टिपणाऱ्याने पंखा बंद करायला सांगितला तर बाई म्हणाल्या, "चालू होता." पंखा चालू राहिला.

सिनेमा चंद्रपूरला लागला तेव्हा मी आणि बाई दुपारच्या खेळाला गेलो. निम्मं थिएटर रिकामं. तो प्रसंग आला. मंगरी ‘असन’ म्हणाली, खडखडाट थांबला, पडद्यावरच्या पाझारेबाईंनी हात मांडीवर ठेवले. मी खुर्चीची कड धरून बसलो होतो. आमच्या मागे एकजण बाहेरून समोसे घेऊन आला आणि बायकोला विचारलं, "का झालं?"

"काई नाई," ती म्हणाली. "टायपिंगची मिस्टेक झाली वाटते."

बाहेर आल्यावर मी बाईंना विचारलं, "कसा वाटला?"

"बरोबर हाये."

"पण आवडला का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. खोटं बोलता येत नसल्याने त्यांना वेळ लागत होता. "पुन्हा नाई पाहणार," म्हणाल्या.

सिनेमा आठवडाभर चालला. दोन महिन्यांनी केतकीचा मला फोन आला. तिला गावात शब्द दिल्याप्रमाणे सिनेमा दाखवायचा होता. आम्ही पुन्हा धानोऱ्याच्या बाजूला गेलो. ग्रामपंचायतीच्या हॉलच्या खिडक्यांना ताडपत्र्या लावून भरदुपारी अंधार केला आणि भिंतीवर सिनेमा सुरू झाला. गाव लोटलं होतं. आपला नाला, आपला बैल, आपली वाट दिसली की आरडाओरडा व्हायचा. कोर्ट सुरू झालं आणि पोरं एकेक करून बाहेर पळाली. दसरू आणि सोमारी पुढे बसले होते. मंगरी दाराशी, एकटी. बाई मध्ये कुठेतरी सतरंजीवर.

पिंजऱ्यात मंगरी आली. नटीने केस पांढरे केले होते. "माणूस दिसला. दसरू असन."

हॉलमध्ये कुणी हललं नाही. भिंतीवर पंखा खडखडत राहिला. ‘ती असन म्हणली. पाह्यलं नाई म्हणली.’ भिंतीवरच्या मंगरीने धुराचं सांगितलं, पाठीचं सांगितलं. साहेबांनी चष्मा पुसला आणि नवं वाक्य सांगितलं. मागून कुणीतरी ते गोंडीत दुसऱ्याला समजावत होतं, आणि तो तिसऱ्याला.

सोमारी वळली आणि अंधारातच विचारलं, "हे असंच झालतं का जी बाई?"

"तिथी मीच बसलो होतो," पाझारेबाई म्हणाल्या. "असंच झालतं."

"म्हंजे मंगरी याच्या बाजूनं बोलली?"

इथे ‘हो’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? मी तरी म्हटलं असतं. बाई म्हणाल्या, "नाई. कोणाच्याच बाजूनं नाई बोलली. जेवढं पाह्यलं तेवढंच बोलली. म्हणून तुहा माणूस घरी हाये." मग माझ्याकडे हात केला. "या वकीलसाहेबानं मेहनत केली, पण ते त्या वेळी फाइल पाहून राह्यले होते."

माझी चारोळी त्या क्षणी संपली. मी "हो, खरं आहे," म्हणालो. माझा आवाज मला नायकाच्या भाषणापेक्षा बरा वाटला.

सोमारी उठली, बसलेल्या बायकांच्या मधून वाट काढत दारापाशी गेली आणि मंगरीच्या शेजारी बसली. दोघी पुढे भिंतीकडे बघत राहिल्या. सिनेमा अजून पंधरा मिनिटं होता. नायक नायिकेला तलावाकाठी काहीतरी समजावत होता. थोड्या वेळाने मंगरीचा आवाज आला, चांगला खणखणीत, "एवढुश्या गोष्टीले इतका वेळ लागते का?"

सगळा हॉल हसला. केतकी सगळ्यात जास्त.

मला दुसऱ्या दिवशी चंद्रपूरला तारीख होती, म्हणून मी निघालो. बाईंना सोमारीने सोडलं नाही. जेवल्याशिवाय जायचं नाही, आणि आज नाहीच जायचं. गाडी वळवताना मी त्यांना बघितलं, ते शेवटचं. सोमारीच्या अंगणात खाटेवर बसल्या होत्या, एका बाजूला सोमारी, दुसऱ्या बाजूला मंगरी. त्या दोघी एकाच वेळी, भरभर, गोंडीत काहीतरी सांगत होत्या. बहुधा इतक्या वर्षांचं साचलेलं. बाईंना गोंडी दहा शब्दांपलीकडे येत नव्हती. एका शब्दासाठी अख्खं कोर्ट थांबवणाऱ्या पाझारेबाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत मान डोलवत होत्या आणि म्हणत होत्या, "हो जी. हो जी. बरोबर हाये."